दुकान बंद केलं की नाही

माझे सासरे कुठल्याही गोष्टीचा शेवट न बघणारे गृहस्थ होते. यात अधीरपणा नव्हता, शिस्त होती. नाटकाचा पडदा पडायच्या पाच मिनिटं आधी ते उठत, म्हणजे स्कूटर गर्दीच्या आधी बाहेर निघते. लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की हातातल्या अक्षता शेजाऱ्याला देऊन चपला शोधायला जात. ओहायोत आमच्याकडे राहायला आल्यावर स्कूटर गेली, चपला हरवायची भीती गेली, सवय तेवढी विमानातून बरोबर आली. माझ्या मुलीच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला मुलांनी टोप्या हवेत उडवल्या, तो जल्लोष आम्ही चौघांनी पार्किंगमध्ये उभं राहून ऐकला. गाडी मात्र सगळ्यांत आधी रस्त्याला लागली. मागच्या सीटवर सासऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ही हकीकत त्यांच्या पत्नीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आई म्हणते. त्या मला अगं म्हणतात, आणि रागावल्या की सूनबाई.

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी माझी मुलगी कॉलेजमधून घरी आली होती. सोफ्यावर आडवी पडून ती फोनवर काहीतरी वाचत होती. कोलंबसच्या जुन्या भागात एक थिएटर आहे, तिथे उन्हाळ्यात दर शनिवारी जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे दाखवतात. त्याची यादी ती मोठ्याने वाचत होती, कारण नावं तिला गमतीदार वाटत होती. आई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. पाचव्या की सहाव्या नावाला त्यांचे हात थांबले.

"ते परत वाच," त्या म्हणाल्या.

मुलीने परत वाचलं.

"त्यात घड्याळं दुरुस्त करणारी बाई आहे का बघ."

"आजी, हाऊ डू यू नो दॅट?"

"आहे की नाही, ते सांग."

"आहे. वॉच रिपेअर शॉप. अँड अ रेडिओ अनाउन्सर. रोमँटिक कॉमेडी."

"रेडिओवाला," आई म्हणाल्या. "सगळ्या गावाला वेळ सांगतो आणि स्वतः रोज उशिरा पोचतो." मग मटाराची शेंग तशीच वाटीत टाकून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, मला हा बघायचाय. थिएटरात. शेवटपर्यंत."

शेवटपर्यंत हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी लॅपटॉप मिटला.

त्या सिनेमाचा पूर्वार्ध आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. पंचावन्न वर्षांपूर्वी, नागपुरात, आईंचा साखरपुडा झाला होता आणि लग्नाला दोन महिने अवकाश होता. तेव्हा जोडप्याने सिनेमाला जायचं म्हणजे घराने सिनेमाला जायचं. सकाळचा इंग्रजी खेळ होता. माझ्या आजेसासऱ्यांनी, म्हणजे आईंच्या होणाऱ्या सासऱ्यांनी परवानगी दिली, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की हा सिनेमा घड्याळांच्या दुरुस्तीवर आहे. त्यांना तो बोधपटासारखा वाटला असावा. एकूण अकरा माणसं एका रांगेत बसली. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला माझे सासरे, मध्ये नऊ नातेवाईक आणि भुईमुगाच्या शेंगांचा पुडा.

तास-सव्वा तास सगळं सुरळीत गेलं. घड्याळवालीचं लग्न एका बँकवाल्याशी ठरलेलं, रेडिओवाल्याचं एका धनाढ्य बाईशी ठरलेलं, दोन्ही लग्नं एकाच दिवशी एकाच कचेरीत. मग गावच्या टॉवरवरचं मोठं घड्याळ बंद पडतं, ती दुरुस्त करायला वर जाते, तो तिच्या मागे जातो, आणि खालचं दार बाहेरून लागतं. पडद्यावर दोघांची तोंडं जवळ यायला लागली. आजेसासरे उभे राहिले. "चला," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे मोठं माणूस उठलं की रांग उठायची. अकरा माणसं उठली, मागून "बसा, बसा" असा ओरडा झाला, आणि पायाखाली शेंगांची टरफलं चुरडत माझ्या सासरची मंडळी सभ्यतेच्या उजेडात बाहेर आली.

इथपर्यंत आम्ही हसून ऐकायचो. पुढचं त्या रविवारी आईंनी पहिल्यांदा सांगितलं, मटार सोलून झाल्यावर.

लग्नाच्या आधी त्या नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीन वर्षं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, ट्रंक कॉल जोडायचे. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात शिफ्टवरून घरात कुरबुर सुरू झाली. सासरे आडदांड नव्हते, नोकरी सोड असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, त्या सिनेमाला मी दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन आलो. शेवटी त्या दोघांचं लग्न होतं. आणि ती दुकान बंद करते.

"म्हणाले, अमेरिकेतली बाई, स्वतःचं दुकान, तरी बंद केलंच की तिने. आपखुशीने." आईंनी सालांची पिशवी बांधली. "मी म्हटलं, असेल. मला वाटलं, जगात सगळीकडे असंच असेल. आठवड्याने राजीनामा दिला."

मग माझी मुलगी म्हणाली, "आजी, वेट. आजोबांनी ते मनानेच मेक अप केलं असेल तर?"

"तेच तर बघायचंय."

"मी आत्ता सर्च करते. टू सेकंड्स."

"नको," आई म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकून माझं एकदा झालंय. आता डोळ्यांनी बघीन."

मुलीने अर्थातच चोरून बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाली की सारांशात फक्त दोघांचं लग्न होतं एवढंच लिहिलंय, दुकानाचं काही नाही. सारांश लिहिणाऱ्याला दुकानाचं काय. सिनेमाही कुठल्या ॲपवर सापडला नाही. यादीत तो जुलैतल्या एका शनिवारी होता, आणि मुलगी तोवर परत गेलेली असणार होती. तेव्हा आम्ही ठरवलं की त्या शनिवारी दोनच्या खेळाला आई आणि मी जायचं.

अडचण एवढीच होती की त्याच शनिवारी आईंचा सत्कार होता.

आमच्या गावच्या मराठी मंडळाचा वार्षिक समारंभ असतो आणि त्यात दरवर्षी एका ज्येष्ठ व्यक्तीला शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतात. माझा नवरा मंडळाचा सचिव. या वर्षी कार्यकारिणीने एकमताने आईंचं नाव सुचवलं. एकमत होण्याचं कारण असं की उरलेले ज्येष्ठ भारतात गेले होते. मानपत्र नवऱ्यानेच लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात आई "त्यागमूर्ती" होत्या, "पतीच्या पाठीशी सावलीसारख्या उभ्या" होत्या, आणि दुसऱ्या परिच्छेदात "मायेचा अथांग सागर"ही होत्या. मी वेलांट्या दुरुस्त केल्या. सागराला हात लावला नाही.

आईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि मुलाला विचारलं, "यात एक्स्चेंज कुठे आहे?"

"कसलं एक्स्चेंज?"

"टेलिफोन. माझी नोकरी."

"अगं आई, ती तीनच वर्षं होती ना. आणि हे सगळं एका पानात बसवायचंय, फ्रेमच्या साइझप्रमाणे."

"सागर बसला ना पानात."

"आई, ते तसं लिहायची पद्धत असते."

आईंनी कागद परत दिला. त्यांचा चेहरा शांत होता. हा चेहरा मी ओळखते. बारा वर्षांपूर्वी इथे आल्या तेव्हा, बर्फात एकटीने चालत लायब्ररीत जाऊ नका असं सगळ्यांनी सांगितल्यावर त्यांचा हाच चेहरा होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत होत्या.

मला सत्काराची फारशी काळजी नव्हती. समारंभ तीनला सुरू होणार असं पत्रिकेत छापलं होतं, याचा अर्थ साडेचार. ही टिंगल नाही, बावीस वर्षांचा अनुभव आहे. तीनला मंडळी घरून निघतात, साडेतीनला माइक चालत नाही, चारला कुणाच्या तरी लक्षात येतं की हार गाडीत राहिलेत. मग दीपप्रज्वलन. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये खरी ज्योत चालत नाही, फायर अलार्म होतो, म्हणून समईत बॅटरीचे दिवे बसवलेत. पाच मान्यवर ओळीने येतात, पादत्राणं काढतात, गंभीर चेहऱ्याने एकेक बटण दाबतात आणि आपण टाळ्या वाजवतो. सत्कार त्याच्याही नंतर, चौथ्या क्रमांकावर. सिनेमा तीन चाळीसला संपणार, तिथून अर्ध्या तासाचा रस्ता. आम्ही पोचू तेव्हा माइकची दुरुस्ती चालू असेल, असा माझा हिशेब होता.

नवरा बाराला खुर्च्या मांडायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "आम्ही सव्वाचारपर्यंत येतो."

"तीनला सुरू आहे."

"दरवर्षी तीनलाच सुरू असतो."

"या वर्षी खरंच तीनला." तो दारात थांबला. "आणि तुम्ही एवढा वेळ करणार काय आहात?"

"आईंना थोडं बाहेर जायचंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. समई काखेत आणि कुर्ता इस्त्रीचा, अशा अवस्थेतल्या माणसाला याहून जास्त सांगू नये.

आईंनी सत्कारासाठी काढलेली पैठणी नेसली आणि आम्ही सिनेमाला गेलो. थिएटरात पन्नास-साठ माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. लाल खुर्च्या, मध्येच एखादीची स्प्रिंग वर आलेली. शेजारी बसलेल्या एका अमेरिकन आजीबाईंनी पैठणीच्या मोराकडे बघून विचारलं, आज काही खास दिवस आहे का. आई म्हणाल्या, "येस. आय ॲम फिनिशिंग अ पिक्चर."

सिनेमा सुरू झाला. त्या काळचे लोक किती भराभर बोलत. मला निम्मे संवाद कळले नाहीत, आणि आई माझ्या आधी हसत होत्या. मी बघतच राहिले. मग लक्षात आलं की तारेच्या खरखरीतून कलेक्टरांपासून दलालांपर्यंत सगळ्यांचं इंग्रजी ऐकलेले ते कान आहेत. चांगल्या आवाजातला सिनेमा त्यांना अगदी सोपा.

"काय म्हणाला तो?" मी एकदा विचारलं.

"म्हणाला, घड्याळ बरोबर आहे, माझंच दुरुस्त करावं लागेल. गप बस, पुढचं जाईल."

टॉवर आला. खालचं दार लागलं. दोघं त्या मोठ्या काट्यांच्या मागे उभे, खाली गाव. आईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्यावरची तोंडं जवळ आली, आणखी जवळ आली, आणि टॉवरचे ठोके पडायला लागले. बाराच्या बारा. दोघांनी कानांवर हात ठेवले, एक कबुतर मधून उडालं, आणि झालं. पुढच्या दृश्यात ती जिना उतरत होती.

"अगं, काही झालंच नाही," आई हळूच म्हणाल्या.

"नाही."

"अकरा माणसं उठली होती." त्यांचे खांदे हलायला लागले. शेजारच्या आजीबाईंनी चौकशीने बघितलं. आईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. "आत्याबाईंचा पाय मुरगळला होता त्या दिवशी जिन्यात."

इथून पुढचं सगळं त्यांना नवं होतं. त्या पुढे सरकून बसल्या.

आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज: कुठे आहात? मी बघितलं आणि फोन उलटा ठेवला. तो परत थरथरला. सुरू झालं. मग: पाहुण्यांना सहाची फ्लाइट आहे, सत्कार पहिला घेतोय. मग: आईला घेऊन ताबडतोब निघ. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मंडळाने वेळ पाळली होती, आणि तीही शिकागोहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या विमानासाठी.

पडद्यावर घड्याळवाली लग्नाच्या पोशाखात दुकानात उभी होती. बाहेर बँकवाल्याची गाडी. मी आईंच्या कानाशी वाकले.

"आई, त्यांनी सुरू केलंय. तुमचा सत्कार पहिला आहे. आत्ता."

त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "काहून?"

"पाहुण्यांना विमान गाठायचंय."

"मग गाठू दे."

"आई, सगळे थांबलेत. हे तिकडे एकटे आहेत, त्यांची पंचाईत होईल."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंधारात चष्म्याच्या काचांवर सिनेमा हलत होता.

"मला एकदा उठवलंय यातून," त्या म्हणाल्या. "आता तू उठवणार आहेस का, सूनबाई?"

त्या सूनबाईत राग नव्हता, चौकशी होती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे स्टेजवरची रिकामी खुर्ची आली, दरवाजाकडे बघत मानपत्र हातात धरून उभा असलेला माझा नवरा आला. तो चांगला माणूस आहे. त्याचे वडीलही चांगलेच होते, हीच तर या घरातली अडचण. मी फोन बंद केला, नुसता आवाज नाही, पूर्ण बंद, आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"नाही," मी म्हटलं.

"मग बघ समोर."

पुढचा अर्धा तास माझा नीटसा बघून झाला नाही, पण गोष्ट समजली. कचेरीत दोन लग्नांच्या कागदांची अदलाबदल होते, बँकवाला आणि धनाढ्य बाई एकमेकांना पसंत पडतात, रेडिओवाला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोचतो आणि ते घड्याळवालीच्या लक्षातच येत नाही, कारण तिचं घड्याळ बंद पडलेलं असतं. लोक खूप हसत होते. आई हसत नव्हत्या. त्या दुकानाची वाट बघत होत्या.

आणि दुकान आलं. दोघं लग्न करून दारात. तिच्या हातात फुलं. तो काहीतरी म्हणाला, ती हसली, आत गेली, खिडकीतून एक पाटी काढली आणि दाराच्या काचेवर लावली. बंद. मग कुलूप लावलं, किल्ली त्याच्या खिशात टाकली, आणि त्याच्या दंडाला धरून रस्त्याने चालू लागली. संगीत मोठं झालं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी स्वेटर उचलले. माझाही हात पर्सकडे गेला.

"बंद केलं गं," आई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "खोटं नव्हते बोलले."

मी त्यांचा हात धरला. पंचावन्न वर्षं एखादी शंका जवळ बाळगावी आणि ती खोटी निघावी, यावर सांत्वन काय करणार? पुढचे दोघं उभे राहिल्यामुळे अर्धा पडदा झाकला होता. मी "आई, निघायचं का?" म्हणणार, तर त्या म्हणाल्या, "थांब. अजून उजेड नाही झाला."

पडद्यावर रस्ता रिकामा होता. दुकानाचं दार, दारावर पाटी. बराच वेळ काहीच झालं नाही. संगीत थांबलं. एक दूधवाला गेला. आणि मग त्याच रस्त्याने, उलट बाजूने, ती दोघं चालत आली. तिने त्याच्या खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, पाटी उलटी केली. दुसऱ्या बाजूला लिहिलं होतं: लग्नासाठी बंद होतं, आता उघडं आहे. ती आत गेली, एप्रन बांधला आणि काउंटरमागे उभी राहिली. तो बाहेर गेला, दारावर टकटक केली, गिऱ्हाइकासारखा आत आला आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. समाप्त.

दिवे लागले. आई हलल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या, तो आता नुसता पांढरा होता.

"सायकल," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"ह्यांची सायकल. थिएटरच्या स्टँडला खेळ सुटला की ही झुंबड उडायची. बिल्ला दाखवून सायकल काढेपर्यंत अर्धा तास." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. "पाटी लागली आणि हे उठले. गर्दीच्या आधी."

मग आम्ही दोघी बराच वेळ हसलो. स्वच्छ करायला आलेल्या माणसाने झाडू भिंतीला लावून आमची वाट बघितली. हसता हसता आईंचा आवाज बदलला, आणि त्या बोलल्या ते माझ्याशी नव्हतं. "अर्धं मिनिट बसला असता तर काय झालं असतं?" सासऱ्यांना अरेतुरे केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

गाडीत त्यांनी फारसं काही सांगितलं नाही. हायवेला लागल्यावर विचारलं, "मानपत्र फ्रेम केलंय का त्याने?"

"केलंय."

"काच आहे?"

"असेल. का?"

"मागून उघडते ना ती?"

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. नवरा ऑडिटोरियमच्या दाराबाहेर उभा होता. आईंची शाल त्याच्या खांद्यांवर होती, नारळ हातात, मानपत्राची फ्रेम काखेत. आईंच्या वतीने त्यानेच सत्कार स्वीकारला होता. पाहुण्यांनी त्याच्याकडे बघत, तो त्यागमूर्ती आणि मायेचा सागर असल्याचं वाचून दाखवलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि पाहुणे विमानतळावर गेले होते.

"फोन बंद," तो मला म्हणाला. "फोन बंद करून ठेवलास. मला वाटलं ॲक्सिडेंट झाला. होतात कुठे?"

"सिनेमाला," आई म्हणाल्या.

"सिनेमाला? आज?"

"आजच होता. एकच खेळ."

"आई, तुझा सत्कार होता. अडीचशे माणसं होती. मी काय सांगू लोकांना?"

"सांग सिनेमाला गेली होती. शाल बरी दिसते तुला. दे इकडे, उकडेल."

त्याने शाल दिली. त्याचा राग खरा होता आणि भीतीही खरी होती. मी फोन बंद करायला नको होता, निदान एक मेसेज टाकायला हवा होता, हे मी त्याला तिथेच कबूल केलं. त्याने मान हलवली, पण त्याला अजून काही समजलं नव्हतं. आईंनी त्याच्या हातातला नारळ घेतला आणि त्या आत गेल्या.

आत लहान मुलांचे नाच झाले, एक एकांकिका झाली, अध्यक्षांचं भाषण झालं. अध्यक्षांनी आईंना बघून मोठ्या मनाने माइकवर बोलावलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. आई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. मानपत्र छान आहे असं ऐकलं. त्यात एक ओळ राहिलीय, ती मी घालून घेते." आणि बसल्या. हे दोन शब्द आहेत असं अध्यक्षांना वाटलं नसावं, पण टाळ्या वाजल्या.

मग आभारप्रदर्शन. या कार्यक्रमाचा हा भाग आजवर कुणी ऐकलेला नाही. खजिनदार कागद घेऊन माइककडे निघाले की सभागृह उठतं, कारण बाहेर समोसे मांडलेले असतात आणि चटणी आधी संपते. त्या दिवशीही खुर्च्या वाजल्या. माझा नवरा उठला, मीही सवयीने उठले.

"बसा," आई म्हणाल्या. "त्यांचं संपलं नाहीये."

आम्ही बसलो. सगळ्या ऑडिटोरियममध्ये आम्ही तिघं. खजिनदारांनी वर बघितलं, घसा साफ केला, आणि शाळेच्या व्यवस्थापनापासून आवाजवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानायला सुरुवात केली. आईंनी मानपत्राची फ्रेम मांडीवर पालथी घेतली, मागचे चार खिळे नखाने वळवले आणि कागद बाहेर काढला.

"पेन," त्या मुलाला म्हणाल्या.

त्याने खिशातलं पेन दिलं. त्यागमूर्ती आणि सागराच्या मध्ये जी थोडी जागा होती, तिथे त्यांनी एकेक अक्षर काढत लिहिलं: टेलिफोन एक्स्चेंज, नागपूर, ऑपरेटर, तीन वर्षं. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघितला. मग परत टेकवला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: काम चांगलं होतं.

माझा नवरा ते वाचत होता. "आई," तो हळूच म्हणाला, "तू ती सोडलीस कशासाठी?"

"सांगते," आई म्हणाल्या. "आधी ह्यांचं होऊ दे."

खजिनदार आता स्वयंसेवकांच्या नावांवर आले होते, आणि यादी लांब होती. बाहेर चटणी संपल्याचा आवाज आला. आम्ही कुणी उठलो नाही.